डोमाकाकाच्या डोक्यात पिसं

रोशनी बेटा,

पुण्याच्या गेम कंपनीतून तू पाठवलेलं चित्र पाहिलं. "काका, हा मासेमार तुमच्यावरूनच केला," म्हणतेस. डोक्यात पिसं, गळ्यात हाडं, हातात भाला! अगं, आपल्या सावली गावात पिसं फक्त कोंबड्यांना असतात. मी चष्मा आणि बनियान घालतो. आणि रंग इतका गोरा, जणू मी जन्मभर तळ्यात नाही, फ्रिजमध्ये उभा होतो.

तुझ्या काकूनं चित्र निरखून पाहिलं. "हा कोन होय जी? याले मी घरात घेत नाई."

लहानपणी माझ्या मोबाईलवर खेळताना तू दरवेळी सोनेरी केसांची बाई निवडायचीस. मी विचारलं, "काऊन पोरी?" तर म्हणालीस, "आपल्यासारखं कोनीच नाई न यात." त्यासाठीच तू हे काम शिकलीस. आता पहिल्यांदा आपला माणूस आत शिरतो आहे, तर त्याचं असं सोंग? आणि शुक्रवारी तुझे कंपनीतले साहेब हेच पक्कं करणार!

त्यांना सांग, आम्ही भाला मारत नाही. जाळ्याची एक कडा दातात धरतो, कमरेतून वळतो आणि मग फेकतो.

हे पत्र काही पाठवत नाही, तू मनाला लावून घेशील. आज सकाळी तळ्यावर काकूनं माझा जाळं फेकतानाचा व्हिडिओ काढला, तोच पाठवतो. त्यात तुला एकही शिवी ऐकू येणार नाही. माझ्या तोंडात जाळं होतं.

तुझा काळासावळा, बिनपिसांचा,
डोमाकाका