जोडीतली उरलेली

ता. ३ जानेवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.
तू शिवून पाठवलेला एका घोड्याचा साज मिळाला. गाडीतळावरचे सगळे तुझे टाके चाचपून गेले. पण उपयोग झाला नाही. जोडीतला तांबड्या पोटदुखीनं गेल्यापासून सावळी एकटी चालेना. सुतारानं मधली दांडी काढून गाडीला दोन दांड्या बसवून दिल्या. त्यांच्या मध्ये उभी केली, की ती उजव्या दांडीला खेटून राहते, डावीकडे तांबड्यापुरती जागा सोडून. चुचकारलं, गाजरं दिली. ढिम्म हलत नाही.

वीटभट्टीवाला तिला मागतोय. तिथे जनावरांचे काय हाल होतात ते तुला ठाऊक आहे. पण नुसती उभी घोडी किती दिवस पोसू? काय ते कळव. ही तुला नमस्कार सांगते.

तुझ्या मायेतला,
धाकटा

ता. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून हातातला दाभण खाली ठेवला. शाळेच्या पहिल्या दिवशी तूही दारात असाच ढिम्म उभा होतास. तुला कुणी वीटभट्टीवर धाडलं नव्हतं. मी शेजारी येऊन उभी राहिले, तेव्हा कुठे आत आलास.

तिच्या डोळ्यांवरची झापडं काढ. गाडी जुंपू नकोस. नुसता साज चढव आणि तांबड्याच्या बाजूनं तू स्वतः चाल. घाई करू नकोस. नाहीच चालली, तर माझ्याकडे पाठव. अंगणात जागा आहे. भट्टीवर मात्र नाही.

तब्येतीला जप, आणि बायकोचंही ऐकत जा.

तुझी,
अक्का

ता. २ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.
उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. रोज सकाळी सावळीला साज चढवून शेजारी उभा राहायचो. तळावरचे म्हणायचे, नवा घोडा जुंपलाय वाटतं. मग एकदा तिनं मान वळवून माझा खांदा हुंगला आणि पाऊल टाकलं.

परवा गाडी जोडली. बाजारापर्यंत शेजारून चाललो, मग हळूच वर चढून बसलो. ती थांबली. तिनं मागे वळून मला पाहिलं आणि चालू लागली. वीटभट्टीवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

घरी हे सगळं रंगवून सांगत होतो. ही भांडी घासता घासता म्हणाली, "एवढी वर्षं मीही जुंपलेलीच आहे. माझ्या बाजूनं कधी चाललात का?"

आज संध्याकाळी आम्ही दोघं नदीपर्यंत पायी जाऊन आलो. परतताना मलाच दम लागला, तेव्हा ही माझ्यासाठी थांबली.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
धाकटा