गिअर जरा उशिरा पडतो

४ फेब्रुवारी

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

"ही गाडी घेऊ नकोस, हिला फार समजून घ्यावं लागेल," असं तुम्ही ह्यांना म्हणाला होतात, तुमच्या गॅरेजच्या दारातच. त्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले की ती सवय लग्नापासूनच आहे, आणि तुम्ही दोघं भाऊ मिळून मला हसलात. आज ते आठवलं, कारण हे गेल्यापासून गाडी मला काही समजत नाही.

इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते. कोड वाचायचं यंत्र आणून स्टिअरिंगखाली लावलं, तर दोन कोड आले, पी ०१७१ आणि पी ०३००. पहिल्याचा अर्थ हवा जास्त, पेट्रोल कमी. दुसऱ्याचा, कुठलं ना कुठलं सिलिंडर मिसिंग मारतंय, म्हणजे मधेच पेटत नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, सेन्सर बदला, नाहीतर भंगारात द्या. लेकही विका म्हणते. मला गाडी ठेवायची आहे, दादा.

फोन केला असता, पण इंजिनांनी तुमचे कान खाल्लेत आणि मी बोलायला लागले की रडते. कुणाला काहीच कळलं नसतं.

जाऊबाईंना नमस्कार. माझ्यावर आहे तसा ह्या डबड्यावरही थोडा लोभ असू द्या.

तुमची,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सेन्सरला कुणाला हात लावू देऊ नकोस. कोड म्हणजे नुसती तक्रार, गुन्हेगाराचं नाव नव्हे. हवा जास्त येतेय असं सेन्सर बिचारा खरं सांगतोय, आणि तुमचा तो शहाणा त्यालाच हाकलायला निघालाय. हवा कुठून घुसते ते शोध. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे एक जाड रबरी नळी जाते. इंजिन बंद आणि गार असताना ती वाकवून बघ, घड्यांमध्ये चीर असेल. बारक्याला हे मी लहानपणीच शिकवलं होतं. त्याच्याशी लग्न करून तू घरात आलीस तेव्हा तुलाही शिकवायला हवं होतं.

तुझी जाऊ म्हणते, पोरीला चार दिवस राहायला बोलवायचं सोडून नळ्या कसल्या तपासायला लावता. मी म्हटलं, दोन्ही करू.

तुला झोप लागते का, ते लिहिलं नाहीस. ते कुठलं यंत्र लावून कळत नाही.

काळजीत असलेला,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

नळी सापडली. चीर आहे, पण सहज दिसत नव्हती. तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली होती, आणि टेपचं टोक आत दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाने सोडवता यावं म्हणून. आमच्या घरात तसं टोक दुमडणारा एकच माणूस होता.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही "म्हणालो होतो ना" म्हटलं असतंत. म्हणून गॅरेजवाल्याच्या सख्ख्या भावाने टेप लावून वेळ मारून नेली. मला हसू आलं. मग बॉनेटला धरून तशीच उभी राहिले. शेजारच्या काकू खिडकीतून विचारत होत्या, गाडी बिघडली का गं. मी हो म्हटलं.

टेप सुकून सुटत आलीय. मी ती काढलेली नाही.

झोप लागते. दवाखान्यात कामावर असते तेव्हा, जेवणाच्या सुट्टीत, गाडीत. घरात नाही लागत.

रागावू नका, ना माझ्यावर ना ह्यांच्यावर. माया राहू द्या.

तुमची,
धाकटी


२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शटर ओढून घेतलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, अंगात कणकण आहे. बारक्याचं बरोबर होतं, मी तसंच म्हटलं असतं. माझ्या तोंडाला भिऊन पोरगं टेप लावत बसलं.

नवी नळी मिळालीय. पुढच्या रविवारी येतो. ती बसवली की बॅटरीची तार काढून गाडीतल्या कॉम्प्युटरची मेमरी पुसायची. चिरेतून येणाऱ्या हवेची भरपाई म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडायला शिकलाय. चीर गेली तरी ती सवय राहील, आणि सायलेन्सरमधली धूर साफ करणारी जाळी जळून जाईल.

तुमची ऑटोमॅटिक आहे. गिअर कधी बदलायचा तेही ती चालवणाऱ्याच्या पायावरून शिकते. ते सगळं पुसलं जाईल, मग काही दिवस धक्के देईल. घाबरू नकोस. बारक्याचा पाय विसरेल, तुझा शिकेल.

येतोच.
दादा


३ मार्च

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे.

"बारक्याचा पाय विसरेल" हे तुम्ही किती सहज लिहिलंत. मला वाटत होतं, गाडी जुनी झाली म्हणून आळशी झालीय. चढावर पाय दाबला की ती जराशी थांबते आणि मग गिअर बदलते. हे तसेच होते. काही विचारलं की आधी थोडे थांबायचे.

कपडे लेकीने वाटून टाकले, मीच सांगितलं होतं. उशीचा वास गेला. फोनमध्ये आवाज आहे, पण तो नेहमी दूध आणू का एवढंच विचारतो. मी आज काही केलं तर त्याला आज, ह्यांच्यासारखं उत्तर देणारं आता ह्या गाडीशिवाय दुसरं काही नाही.

तुम्ही म्हणाल, इतके दिवस तूच चालवतेस, त्याचं असं कितीसं उरलं असेल. तेही कळतं मला. म्हणून तर तुमचं पत्र आल्यापासून दवाखान्याच्या पलीकडे गाडी नेत नाही.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, तार नाही काढली तरी गाडी हळूहळू स्वतःच शिकते, तोवर पेट्रोल पिईल आणि धूर सोडेल. जाळीचं तो बोलला नाही. ते तुम्ही सांगितलंत, म्हणजे खरंच असणार. आणि अर्धवट काम करून तुम्ही हात पुसलेले मी आजवर पाहिले नाहीत.

तरी मागते. नळी बदला. टेपही काढा, मी तेवढा वेळ आत जाऊन बसेन. पण बॅटरीच्या तारेला हात लावू नका. तिला तिच्या गतीने विसरू द्या.

नाही म्हणालात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
धाकटी