अजयच्या गिटारीचे दोन पिकअप

मालवण, १२ फेब्रुवारी

सकाळी बाजार केला. दुपारी वीज नव्हती. ती आल्यावर तुझ्या बाबांच्या गिटारीला सोल्डरिंगचा शेवटचा डाग दिला.

चि. इशिता,

काकाचे आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? आईचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. (आवाज बसलाय, पण घरात तो लागतो कोणाला?)

अजय गेल्यावर तू म्हणालीस, गिटार विकूया, पडून गंजेल. पण भजनाला, लग्नाच्या ऑर्केस्ट्राला, सगळीकडे चालणारी एकच गिटार करायची म्हणून त्याने ती उघडून ठेवलेली. उघडी कोण घेणार? म्हणून तू फोनवर सांगितलंस तसे नेकला, म्हणजे मानेकडे, एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल आणि ब्रिजला, म्हणजे तारा टेकतात तिथे, दोन वेटोळ्यांचा हमबकर, असे दोन पिकअप मागवले. पार्सल कुडाळला अडकलं. आपला बाबली रोज मासे घेऊन तिकडे जातो, म्हणून त्याला फोन केला, की उद्या गिटारीसाठी दोन पिकअप हवेत. (इथेच चुकलं. तारांखालच्या लोहचुंबकालाही पिकअप म्हणतात हे त्याला कुठे ठाऊक? मला तरी तू सांगेपर्यंत कुठे ठाऊक होतं?) सकाळी दारात दोन पिकअप गाड्या, बर्फाचं पाणी गाळत उभ्या. एक बाबलीची, दुसरी त्याच्या मेव्हण्याची.

"काकानू, गिटार खंय?"

मी आतून आणली. बाबली गिटारीकडे बघतो, गाड्यांकडे बघतो.

"ह्येका दोन गाडये? माका वाटला, पियानो आसा!" मग आवाज उतरला. "ही अजयची गिटार मा? खंय न्हेतास?"

मी म्हटलं, विकणार, आणि पार्सलचं सांगितलं. तो कुडाळला जाऊन ते घेऊन आला. (मेव्हणा चहा घेत ओसरीवरच बसला होता.)

जोडल्यावर दोन्ही पिकअप वेगवेगळे छान वाजले, पण एकत्र लावले की आवाज नाकातून. शेजारची आनंदी कुंपणावरून ओरडली, "गिटारीक पडसा झाला काय हो?" तू म्हणालीस तशी एकाच्या वायरीची दोन टोकं उलटी जोडली, आणि आवाज भरला. सिंगल कॉइल तेवढा गुणगुणतो. तारांवर हात ठेवला की गप्प होतो. लहानपणी अजयही झोपेत असाच गुणगुणायचा, पाठीवर हात ठेवेपर्यंत.

तर गिटार विकायला तयार आहे.

तुझा
हरीकाका

ता. क. पत्र बंद करणार तोच बांद्याचे परशुराम मास्तर गिटार बघायला आले. त्यांना आवडली. मी म्हटलं, गुणगुणते. ते म्हणाले, सगळ्याच गुणगुणतात. मी म्हटलं, जड आहे. त्यांनी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, कुठे जड? मग मात्र मला म्हणावं लागलं, की पुतणीने अजून वाजवून बघितलेली नाही. ते हसले, चहा घेऊन गेले.

दुसरा ता. क. विकूया नको गो. शिमग्याला ये आणि वाजव. दोन्ही पिकअप एकदम लावून वाजव, मी ओसरीवर बसेन.

आता तांदूळ धुऊन कुकर लावतो.