शेजारी बसलं की जांभळं

प्रिय आईला, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेलाय, म्हणजे जवळजवळ.

काल प्रयोगशाळेत माझा हिरवा क्षार पाण्यात मंद आचेवर आटवला, तर जांभळा झाला. आमच्या मॅडम म्हणाल्या, "भेसळ झाली, टाकून दे." मी म्हटलं, "पदार्थ तोच आहे मॅडम, बसायच्या जागा बदलल्यात." तीव्र आम्ल घालून पुन्हा आटवला, तर हिरवा हजर. मॅडमनी स्वतः चहा पाजला.

तुला सोपं करून सांगते. मध्ये कोबाल्ट आणि त्याच्याभोवती सहा जागा. त्यांतल्या दोन जागांवरचे क्लोरीन समोरासमोर बसले तर रंग हिरवा, शेजारी बसले तर जांभळा. घरातलं माणूस एकही वाढत नाही की घटत नाही. याला समघटकता म्हणतात.

बाबा आणि दादा अजून समोरासमोर बसून अबोल्यानेच जेवतात का? तू मध्ये पडून समजूत घालू नकोस. दोघांची ताटं एका बाजूला मांड आणि मिठाची वाटी दोघांत एकच ठेव. घाई मात्र नको, माझा क्षारही मंद आचेवरच वळला.

रंग पालटला की कळव. आणि जागा बदलताना माझी खुर्ची तेवढी हलवू नकोस.

तुझी धाकटी