उजवीकडची गादी

४ फेब्रुवारी

गादीवाल्याने आकडा सांगितला आणि मी मटकन खाली बसलो — नेमका त्याच फाटक्या गादीवर, जिच्यासाठी त्याला बोटीवर बोलावलं होतं! आतून जुन्या फोमची पिवळी पूड उडाली. एवढ्या पैशात घरातला सोफा तीनदा नवा होईल. पण तो म्हणाला, "सर, घरातली गादी म्हणजे चौकोन. इथे एक तरी कोपरा सरळ दाखवा." शिवाय पाणी न शोषणारा फोम, खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या चेनी, बुरशी न धरणारं कापड...

बायकोने खर्चाची वही मिटली. स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून हिने ही जुनी शिडाची बोट घेतली, शिडं नवी केली, इंजिन दुरुस्त करून घेतलं, आणि आता गाद्यांपाशी गाडं अडलं. घरी येताना एवढंच म्हणाली, "मग पुढच्या वर्षी जाऊ."

म्हणजे हिची तीन महिन्यांची समुद्रसफर रद्द! मला आनंद व्हायला हवा होता. ही गेली की घर खायला उठणार, या धास्तीत मी कधीचा आहे. नुसतं गप्प बसायचं होतं. पण तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, "मी शिवतो." घेतला पायावर धोंडा मारून.

५ फेब्रुवारी

शिवणयंत्राला तेल दिलं. ही सारखी डोकावून जात होती. हसत होती.

११ फेब्रुवारी

भूमिती शिकवण्यात आयुष्य गेलं, त्याचा आज उपयोग झाला! पुढच्या खोलीतल्या दोन गाद्या कालच उरकल्या. मधल्या खोलीत दोन्ही अंगांना एकेक लांब बाक — दिवसा बसायचं, रात्री झोपायचं. डावीकडच्या बाकावर कागद अंथरून नमुना कापला आणि तोच पालथा घालून उजवीकडचा. बोट म्हणजे मूर्तिमंत सममिती, मग दोनदा कशाला मोजायचं? गुणगुणत फोम कापला, कापडही कापलं.

१९ फेब्रुवारी

पचका! डावी गादी अशी बसली की फटीत नख शिरेना. उजवी वीतभर आखूड!

चूक माझी की बाकाची? मोजलं. बाकच लांब! आमच्या बोटीचं काम केलेला सुतार शेजारच्या बोटीवर होता, त्याला गाठलं. "बाईंनीच पुढची फळी सरकवून घेतली की. उंच माणूस झोपणार आहे म्हणाल्या."

कोण उंच माणूस?

"ते मी कशाला विचारू, सर?"

हिच्याबरोबर दोन मैत्रिणी निघाल्या आहेत. दोघी हिच्याहूनही बुटक्या. मग हा कोण?

२० फेब्रुवारी

जेवणात लक्ष नव्हतं. "काय बिनसलंय?" हिने विचारलं. "काही नाही." तिकडे फोमला जोड लावतोय. कुणा उपटसुंभाचे पाय बाहेर येऊ नयेत म्हणून घाम कोण गाळतोय — तर मी!

२२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. राहवलं नाही, सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, स्वयंपाकघराच्या चौकटीला रोज कपाळ कोण आपटतं?"

"मी."

इतकी हसली, इतकी हसली की बोलताच येईना तिला. शेवटी फोनच ठेवून दिला.

मीही एकटाच हसत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू?

२३ फेब्रुवारी

विचारलंच. ही भाजी चिरत होती, मान वर केली नाही.

"तुम्हाला तलावातल्या होडीत मळमळतं, ठाऊक आहे मला. आग्रह नाही. उजवी गादी मोकळी राहिली तर तिच्यावर कांदे-बटाटे ठेवीन."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि एकदा नाही म्हणालात की विषय संपला."

खरं आहे. लग्नापासून दर वेळी मी काठावरून हात हलवलाय. मला जावंसं वाटतंय — पहिल्यांदाच! पण पोट माझं ऐकत नाही, त्याला काय करू?

८ मार्च

गाद्या बसल्या! गडद निळ्या. गादीवाला मुद्दाम बघायला आला, वाकून वाकून चेनी तपासल्या. "सर, येता का माझ्याकडे कामाला?" दिवसभर मी जमिनीवर नव्हतो. ही बाकीच्या प्रत्येक गादीवर एकदा बसून आली. उजवीवर मात्र बसली नाही, नुसता हात फिरवला.

१४ मार्च

सामान चढवलं. उद्या पहाटे निघणार. बटाट्यांची गोणी हिने अजून गादीवर न ठेवता खालीच ठेवलीय. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती नेहमीपेक्षा कमी बोलतेय, मी नेहमीपेक्षा जास्त. उद्या धक्क्यावर उभं राहायचं आणि हात हलवायचा. सवय आहे.

१८ मार्च

दोन दिवस बादलीला मिठी मारून काढले. आज पोट शांत. खिडकीत नुसतं पाणी! उजवीकडच्या गादीच्या काठाची शिवण मानेला टोचते, म्हणून वर सुकाणूपाशी तक्रार नेली. कॅप्टनबाईंनी समोरची नजरही हलवली नाही. म्हणाल्या, "शिंप्याला सांगा!"