पैलवानाचा मागचा पाय

३ जून, सकाळ
इतिहासाला सुरुवात. मणक्याच्या नसा तुटलेल्या दोन उंदरांपैकी एकाच्या पाठीत आमच्या लॅबमध्ये वाढवलेल्या चेतापेशींची जाळी बसवली, दुसऱ्याच्या पाठीत नुसती रिकामी जाळी. कोणाला काय मिळालं ते फक्त सर्जनला माहीत. देखभाल करणाऱ्याने पक्षपात करू नये म्हणून. मी कधीच करत नाही.
पिंजऱ्यांवर वाकून कंबर धरली. उद्यापासून व्यायाम.

९ जून
एकाने मागच्या पायाचं बोट हलवलं! पेशी यालाच, सांगायला ज्योतिषी नको. नाव ठेवलं पैलवान. दुसरा नुसता लोळतो. तो जावईबापू.
बायको फिजिओथेरपिस्ट. म्हणते, पेशी घाला नाहीतर सोनं घाला, पाय हलवलाच नाही तर नस शिकणार कशी? उचलली जीभ, लावली टाळ्याला.
व्यायाम: चटई सापडली नाही.

१७ जून
शेंगदाणा दाखवला की पैलवान पुढे सरकतो. म्हणून दिवसभर दाखवतो. निव्वळ कौतुक. जावईबापूंना खाणं जागेवर.
कंबर ठणकतेय. बायको म्हणते, चाला. ज्यांची कंबर दुखत नाही तेच चालतात, एवढं साधं तिला कळत नाही.

२८ जून
पैलवान चालला! खरंच रडलो. परवा संचालकबाई निकाल बघणार. नापास झालो तर प्रकल्प बंद आणि मी परत बाटल्या धुण्याच्या खोलीत. पण प्रश्नच नाही. भाषण तयार. बायकोचे आभार होते, लांबलं म्हणून काढले.

३० जून
पैलवान टेबलभर फिरला. मी भाषणाचा कागद काढला, तेवढ्यात सर्जन म्हणाला, "याला रिकामी जाळी होती."
पेशी जावईबापूंना.
बाईंनी विचारलं, दोघांना सारखंच वागवलं ना? शेंगदाण्यांचं सांगावं लागलं. बाईंनी लोळणाऱ्या जावईबापूंकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्याला पेशी दिल्या, त्याला आपण हलूच दिलं नाही."
प्रकल्प वाचला. आता पेशी आणि व्यायाम दोन्ही. बाईंनी विचारलं, कोणी फिजिओथेरपिस्ट माहितीत आहे का? मी छताकडे बघितलं. सर्जनने माझ्या बायकोचं नाव सांगितलं. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं. माझ्या बाबतीत म्हणतोय.

४ जुलै
बायको प्रमुख. माझ्याकडे शेंगदाणे सोलणं. पोतं उचलताना कंबरेने दगा दिला. घरी आडवा. बायकोला बजावलं, रुग्णाला चहा हातात मिळाला पाहिजे.
चहा आणला तिने. पण दारातच थांबली. बशीत एक शेंगदाणा.
"या, जावईबापू. इथपर्यंत."
पोचलो तेव्हा चहा गार झाला होता.