बटणं काढलेल्या शेगडीवरचा पास्ता

प्रिय चिमणे,

माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षर लावून लावून वाच. बातमी अशी की मंगळवारी संध्याकाळी मी पास्ता केला. हो, मीच, आणि आपल्याच शेगडीवर.

चार महिन्यांपूर्वी दूध करपून स्वयंपाकघरातला पडदा पेटला, तेव्हापासून तुझा बाबा शेगडीची बटणं काढून खिशात घालून ऑफिसला जातो. मला दोन्ही वेळ बाहेरचा डबा. डबा देणारी बाई गुणाची, पण भाजीला मीठ बहुधा लांबूनच दाखवते. कुरकुर केली की बाबा म्हणतो, आता आराम कर. आराम करून करून माझे पाय सुजले.

मंगळवारी गच्चीतल्या कुंडीतले टोमॅटो तोडले. असे पिकलेले, की बोट लावलं तर रस यावा. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिले नसते. मग काय, तुझ्या आजोबांची पक्कड काढली आणि बटणाच्या जागी उरलेला दांडा धरून फिरवला. पेटली की गं. पुढचं तू शिकवलंस तसंच. टोमॅटो चिरून मीठ लावून ठेवले, तोवर पाणी उकळलं. तेलात लसूण गुलाबी झाला की टोमॅटो. मागच्या खेपेला मी शिजलेला पास्ता नळाखाली कपड्यांसारखा खळखळून धुतला होता आणि तू कपाळाला हात लावला होतास. या खेपेला नाही धुतला, उलट त्याचंच वाटीभर पाणी घालून कालवला. वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शेगडीसमोरून तसूभर हलले नाही.

तुझा बाबा वासावरच आत आला, बूट न काढता. पक्कड बघून पांढराफटक पडला. "आई, तुला काही झालं असतं तर?" मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, "झालं नाही ना? जेव आधी." दोनदा मागून घेतला, ताट पावानं पुसलं, हात धुतले आणि पक्कड घेऊन गेला. आता म्हणतो, रविवारी शेगडीच काढून टाकू. तुझ्या आईनं त्याची बाजू घेतली, पण पातेल्यात उरलेला पास्ता तिनंच संपवला.

आता नीट वाच. त्या दिवशी दूध ठेवून फोनवर बोलत गच्चीत तू गेली होतीस. दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा, बाबा आधीच तुझ्यावर तापलेला, म्हणून मी म्हटलं, मीच विसरले. वाटलं, चार बोलणी खाईन आणि मिटेल. त्या एका वाक्यानं मी निकामी ठरेन, हे कुठं ठाऊक होतं? तुझ्यावर राग नाही. तुझ्यासाठी पुन्हाही खोटं बोलेन, दुसरं काही असेल तर. पण माझी शेगडी मी देणार नाही. चुगलीही करणार नाही. तू सांग, फोन करून, तुझ्या तोंडानं, रविवारच्या आत. बाबा ओरडेल. ओरडू दे. तू विशीची आहेस, तुला सोसेल.

तुझीच,
डोकं शाबूत असलेली आजी